ठरलेलं काम आणि वाढत जाणारं काम : गावातल्या कामांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पांदण रस्ता (शेताकडे जाणारी वाट), नळयोजना, अंगणवाडीची खोली, तलावातला गाळ, शेतकरी कंपनीचं गोदाम. कामं वेगवेगळी असली तरी यवतमाळ, वर्धा, अमरावती, चंद्रपूर, गडचिरोलीकडून येणारे प्रश्न जवळपास तेच असतात: ठरलं एक, मागणी आली दुसरी, आता काय करायचं? सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, संस्थांचे कार्यकर्ते, बचत गटाच्या ताई आणि छोटे कंत्राटदार यांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. कामाची व्याप्ती म्हणजे काय? इस्टिमेटमध्ये सगळं लिहिलेलंच असते ना?

इस्टिमेटमध्ये बाबी, प्रमाण आणि दर असतात. तेवढ्यावरून गावाला काम कळत नाही. 'पांदण रस्ता मजबुतीकरण, १ किलोमीटर' एवढंच वाचलं की एकाला वाटतं गिट्टी पडणार, दुसऱ्याला वाटतं नाल्यावर रपटा (पुरात पाणी वरून जाईल असा बुटका पूल) होणार, आणि ज्याचं वावर सगळ्यात शेवटी आहे त्याला वाटतं रस्ता आपल्या धुऱ्याला (बांधाला) लागणार. म्हणून इस्टिमेटसोबत साध्या मराठीत अर्धं पान लिहा. काम कुठून कुठपर्यंत, किती रुंद, किती जाड, कोणतं साहित्य, जागा मोकळी कोण करून देणार, पाणी कोण देणार, कधी संपणार आणि संपलं हे कोण ठरवणार. त्याच पानावर 'या कामात काय नाही' हेही लिहा: रपटा नाही, गिट्टी नाही, नाल्यापलीकडचा भाग नाही.

हे पान कपाटात ठेवू नका. ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा आणि कामाच्या जागेवर वाचून दाखवा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांचाही त्या रस्त्यावर तेवढाच हक्क आहे.

२. 'काय नाही' हे आधीच सांगितलं तर लोक नाराज होणार नाहीत काय?

काही जण होतील. पण त्या वेळी निधी, जागा, क्रम सगळं अजून बदलता येत असतं. नाल्यापलीकडच्या कास्तकारांनी त्याच सभेत विषय काढला, तर त्यांचा भाग पुढच्या वर्षीच्या आराखड्यात घेण्याचा ठराव तिथेच होऊ शकतो. मुरूम पडल्यावर कळलं, तर त्यांच्या हाती तक्रार करण्यापलीकडे काही उरत नाही.

३. व्याप्ती ठरवण्याचा अधिकार कोणाचा? सरपंचाचा, इंजिनिअरचा की ग्रामसभेचा?

गाव, अभियंता आणि पैसा मंजूर करणारा अशा तिघांचा, पण वेगवेगळ्या गोष्टींत. काय हवं आणि आधी काय हवं, हे गाव ठरवतं. 'आमचा गाव, आमचा विकास' आराखडा ग्रामसभेतून जातो तो याचसाठी. कसं बांधायचं, किती जाड, किती खोल, हे तांत्रिक मान्यता देणारा अभियंता ठरवतो. पैसा द्यायचा की नाही, हे प्रशासकीय मान्यता देणारा ठरवतो. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी या तिघांना एका कागदावर आणतात.

सर्वसाधारण ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतली जी संख्या कमी असेल ती. गणपूर्ती झाली म्हणजे सगळ्यांचं ऐकलं गेलं, असं समजू नका. सोयाबीनच्या सोंगणीत किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी सभा घेतली, तर ज्या बाया नळावर पाणी भरतात त्याच सभेला नसतात. पाण्याचं काम असेल तर सभा संध्याकाळी घ्या, किंवा आधी महिलांची सभा घ्या.

गडचिरोलीसारख्या पेसा क्षेत्रात (आदिवासी भागासाठी ग्रामसभेला जादा अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या भागात) ग्रामसभेचं वजन आणखी मोठं आहे. १९९६ च्या पेसा कायद्याच्या कलम ४ नुसार योजना राबवण्याआधी ग्रामसभेची मान्यता लागते, आणि निधी कसा खर्च झाला याचं प्रमाणपत्रही पंचायतीला ग्रामसभेकडूनच घ्यावं लागतं. त्यामुळे तिथे मोठा बदल ग्रामसभेला न सांगता केला, तर तो शेवटी अडतोच.

४. "भाऊ, मशीन आलीच हाय तर आमच्या धुऱ्यापर्यंत घेऊन टाका ना!" याला काय उत्तर द्यायचं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. मागणी करणारा आपलाच माणूस असतो, त्याची अडचण खरी असते, पावसात त्याची बंडी खरंच फसते. त्यामुळे तोंडावर 'नाही' म्हणणं जड जातं आणि जेसीबीवाल्याला खूण केली जाते.

पण हिशेब करून बघा. १ किलोमीटर पांदण, ३.५ मीटर रुंद, १५ सेंटिमीटर मुरूम. म्हणजे ५२५ घनमीटर. कोणी म्हणालं, 'ट्रॅक्टर समोरासमोर आले की अडचण होते, एका मीटरने रुंद करा.' आता लागतात ६७५ घनमीटर. १५० घनमीटर वाढले, आणि एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर धरले तर ते होतात ५३ ब्रास. हा दबाईनंतरचा हिशेब आहे, सैल मुरूम याहून जास्त आणावा लागतो. खोदाई, वाहतूक, पाणी मारणं, रोलर हे सगळं त्यावर चढतं. बोलायला 'एकच मीटर' होता.

हा खर्च कोणीतरी देतंच. बदल लिहिलेला नसेल तर तो सगळ्यात दुबळ्या माणसाच्या अंगावर पडतो. जाडी १५ ची १० सेंटिमीटर होते आणि रस्ता दुसऱ्या पावसाळ्यात जातो. मुरूम टाकणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याचा चुकारा लटकतो. मजुराला 'बिल निघालं की देतो' असं सांगितलं जातं. म्हणून अशा मागणीला माझं उत्तर ठरलेलं आहे: "काका, मागणी बरोबर आहे. लिहून घेतो. याला किती मुरूम लागेल, पैसे कुठून येतील आणि त्यासाठी काय सोडावं लागेल, ते पाहून परवा सांगतो. तोवर मशीन ठरलेल्या ठिकाणीच चालेल." आणि परवा खरंच सांगा. उत्तर 'नाही' असलं तरी त्यांच्या घरी जाऊन सांगा. ज्याचं म्हणणं मनापासून ऐकून घेतलं जातं, तो सहसा समजून घेतो.

५. बदल लिहायचा म्हणजे नेमकं कुठे आणि काय?

पानांवर आधीच क्रमांक टाकलेली एक साधी वही ठेवा. प्रत्येक मागणीला एक नोंद द्या, मान्य झालेलीच नव्हे तर नाकारलेलीही. नोंद अशी असते:

"दि. १२ मार्च. मागणी: रस्त्याची रुंदी ३.५ ऐवजी ४.५ मीटर. कोणी केली: नाल्याकडचे कास्तकार, तोंडी, जागेवर. कारण: दोन ट्रॅक्टर ओलांडत नाहीत. परिणाम: मुरूम १५० घनमीटर जास्त, आठ दिवस जास्त. पर्याय: पूर्ण लांबी रुंद न करता दोन ठिकाणी साईड देण्यापुरती जागा. निर्णय: पर्याय मान्य, शाखा अभियंत्यांची जागेवर पाहणी झाल्यावर. सही, तारीख."

यात 'पर्याय' हा रकाना सोडू नका. लोक उपाय मागतात, पण त्यामागे अडचण वेगळीच असू शकते. वरच्या उदाहरणात अडचण रुंदीची नव्हती, ओलांडण्याची होती. ती कितीतरी कमी मुरमात सुटली.

प्रत्येक बारीक गोष्टीसाठी सह्या गोळा करत फिरण्याची गरज नाही. पैसा, दिवस आणि दर्जा यांतलं काहीच बदलत नसेल (नळाचा खांब भिंतीपासून दोन हात सरकवणं, फलकाची जागा बदलणं), तर जागेवरच्या माणसाने ठरवावं आणि फक्त नोंद करावी. ही मुभा कुठपर्यंत, ते कामाच्या सुरुवातीलाच ठरवून घ्या.

६. साहेब फोनवर सांगतात, "करून टाका, पाहून घेऊ." लेखी मागितलं तर रागावतात. मग?

लेखी मागू नका, तुम्हीच लेखी पाठवा. फोन ठेवल्यावर त्याच दिवशी मेसेज करा: "नमस्कार साहेब. आज सकाळी आपण फोनवर सांगितल्याप्रमाणे शाळेकडच्या बाजूला २० मीटर नाली वाढवायची आहे. याने अंदाजे इतकं प्रमाण वाढेल आणि मूळ कामाला पाच दिवस उशीर होईल. सुधारित अंदाजपत्रकात हे घेतलं जाईल असं धरून तयारी करतो. काही वेगळं असेल तर कळवावे."

भाषा नम्र आहे, अविश्वास कुठेच दिसत नाही आणि तारीख नोंदली गेली आहे. तरीही मेसेज म्हणजे मंजुरी नाही. कामाला हात लावण्याआधी कार्यालयात आवक क्रमांकासह एक पत्र द्या. संस्थेत नव्याने लागलेल्या मुला-मुलींना हे विशेष सांगावंसं वाटतं: वरिष्ठांचा मान आणि कागद यांत काही विरोध नाही. उद्या चौकशी आली तर हाच कागद साहेबांच्याही कामी येतो.

७. प्रमाण वाढणं, नवीन बाब येणं आणि जागा बदलणं हे सगळं एकच आहे काय?

नाही, आणि इथेच बिलं अडकतात. इस्टिमेटमध्ये असलेलीच बाब जास्त लागली तर ती प्रमाणवाढ. इस्टिमेटमध्ये नसलेलं काही करावं लागलं तर ती जादा बाब, म्हणजे एक्स्ट्रा आयटम. तिचा दर दरसूचीतून किंवा दर पृथक्करण करून (साहित्य, मजुरी वेगवेगळी मोजून) मंजूर करून घ्यावा लागतो. जागा किंवा कामाचा हेतूच बदलला, तर बहुतेक वेळा ते नवीन काम ठरतं, त्याला नव्याने मान्यता लागते.

८. "पंचवीस टक्क्यांपर्यंत वाढ चालते" असं कंत्राटदार म्हणतात. खरं आहे काय?

अर्धवट खरं. बी-१ नमुन्यातल्या (सरकारी बांधकामाच्या कराराचा एक ठरलेला नमुना) करारात कलम ३८ आहे. एखाद्या बाबीचं प्रमाण निविदेपेक्षा २५ टक्क्यांपर्यंत वाढलं तरी निविदेतला दर बदलत नाही, असा त्याचा आशय. ते दराविषयी आहे. न विचारता २५ टक्के काम वाढवण्याची ती परवानगी नाही. एकूण खर्च मंजूर रकमेबाहेर जात असेल तर सुधारित मान्यता घ्यावीच लागते. आणि तुमचा करार वेगळ्या नमुन्यात असेल तर हे कलम त्यात असेलच असं नाही. आपला करार काढून वाचा.

९. खोदल्यावर जमीन वेगळीच निघाली. आता?

आपल्याकडे हे नेहमीचं आहे. पश्चिम विदर्भातली काळी कपाशीची जमीन पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या थरावर पाया ठेवला तर भिंत तडकते. पाया काळी ओलांडून मुरमात न्यावा लागतो, किंवा अभियंता दुसरा उपाय सुचवतो. इस्टिमेटमध्ये मुरूम १.२ मीटरवर धरला असेल आणि प्रत्यक्षात दोन मीटरवर लागला, तर खोदाई, भराव, काँक्रीट सगळं वाढतं. दुसऱ्या टोकाला, पाइपलाइनच्या चरात अचानक काळा दगड लागतो आणि मातीच्या दराने धरलेली खोदाई ब्रेकरने करावी लागते.

अशा वेळी चर उघडा ठेवा आणि कनिष्ठ अभियंत्यांना बोलवा. संयुक्त मोजणी झाल्यावर, मोजमाप पुस्तिकेत नोंद झाल्यावरच बुजवा. जमिनीखाली गेलेलं काम नंतर कोणाला मोजता येत नाही.

हा खर्च टाळणारा साधा उपाय म्हणजे इस्टिमेट करण्याआधी जागेवर दोन-तीन चाचणी खड्डे घेणं. एका दिवसाची मजुरी लागते. मी तर म्हणेन, त्याशिवाय कोणत्याही इमारतीचं इस्टिमेट स्वीकारूच नये.

१०. नळयोजनेत आमचा पोड (छोटी आदिवासी वस्ती) राहून गेला. काम सुरू आहे, आता जोडता येईल काय?

यवतमाळमधले कोलाम आदिवासींचे पोड, जिवतीकडचे गुडे, पूर्वेकडचे टोले. यादीतून सुटतात ते बहुतेक हेच. गावठाणाबाहेर असतात, आणि सभेत त्यांच्या वतीने बोलणारं कोणी नसतं. हा बदल इतर बदलांच्या रांगेत उभा करू नका. इथे मुळात व्याप्ती लिहितानाच अन्याय झालेला आहे.

पण जोडायचं म्हणजे फक्त पाइप वाढवायचा, असं नसतं. जलजीवन मिशनचं मानक माणशी रोज ५५ लिटर आहे. समजा मूळ योजनेत १८० घरं, घरटी पाच माणसं, तर रोज ४९,५०० लिटर. पोडातली ४० घरं घेतली की आणखी ११,००० लिटर. उन्हाळ्यात विहिरीला तेवढं पाणी आहे काय? टाकी पुरेल काय? पंप किती तास जास्त चालेल, त्याचं वीजबिल कोण भरेल? पोड टाकीपेक्षा उंचावर असेल तर उतारावर चालणारं पाणी तिथे चढणारच नाही. हे न तपासता पाइप ओढला, तर पोडाला कोरडा नळ मिळतो आणि गावाच्या शेवटच्या गल्लीचंही पाणी जातं.

म्हणून घरांची यादी आणि उंचीची पाहणी घेऊन तांत्रिक अधिकाऱ्यांकडे जा, सुधारित अंदाजपत्रकाची मागणी ठरावासह करा. जमत नसेल तर पोडासाठी स्वतंत्र स्रोत आणि छोटी टाकी हा पर्याय मागा. निर्णय काहीही झाला तरी पोडावर जाऊन सांगा. कधी, कोणत्या निधीतून, कोणाच्या जबाबदारीवर, हे तिथल्या लोकांना कळलंच पाहिजे.

११. तलावातला गाळ काढता काढता खालचा मुरूमही काढला तर पाणी जास्त साठेल ना?

उलट साठलेलं पाणी झिरपून जाण्याची भीती असते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतल्या माजी मालगुजारी तलावांचा तळ चिकण थरामुळे पाणी धरतो. तो थर फोडला की नुकसान भरून निघत नाही. गाळ संपला की काम संपलं, हे मशीनवाल्याला पहिल्याच दिवशी सांगा आणि तळाची पातळी खुंट्या मारून दाखवून द्या.

१२. वाचलेले पैसे किंवा दुसऱ्या कामाचे पैसे वळवता येतील काय?

निधी कोणता, यावर उत्तर ठरतं. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१–२६ या काळातल्या अनुदानात ६० टक्के बंधित होते. त्यातले निम्मे पाणी आणि पावसाचं पाणी साठवण्यासाठी, निम्मे स्वच्छतेसाठी. ते रस्त्याला लावता येत नव्हते. उरलेले ४० टक्के अबंधित, पण तेही पगार-आस्थापनेवर चालत नव्हते. प्रत्येक निधीला अशी चौकट असते. ती न बघता वळवलेला पैसा लेखापरीक्षणात वसुली होऊन परत येतो.

कंपनीच्या सीएसआरचा (सामाजिक जबाबदारी म्हणून दिलेला) पैसा असेल तर देणाऱ्याची लेखी संमती घ्या. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार त्यांनाही खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. चालू प्रकल्प सुरू झालेलं वर्ष सोडून तीन वर्षांतच पूर्ण करावा लागतो. 'पुढे पाहू' म्हणून सोडलेल्या कामाला तिथे मर्यादा आहे.

१३. मोठ्या कामाची निविदा टाळायला कामाचे तुकडे पाडले तर?

पाडू नका. नियमबाह्य आहे. एकाच रस्त्याचे तीन तुकडे वेगवेगळ्या नावांनी दाखवले, तरी मोजणीत ते कळतं. टप्पे पाडणं वेगळं: त्यात संपूर्ण काम एकाच आराखड्यात दिसतं आणि क्रम जाहीर असतो.

१४. पाऊस, सोंगणी, वेचणी यांमुळे मुदत चुकते. हा बदल म्हणायचा काय?

पाऊस जूनच्या मध्यावर येतो, सोयाबीन दसऱ्याच्या आगेमागे निघते, कापसाची वेचणी दिवाळीनंतर जोरात असते. हे दरवर्षीचं आहे, तेव्हा वेळापत्रकात आधीच धरायला हवं. वेचणीच्या दिवसांत मजूर मिळत नाहीत, अशी तक्रार करण्यापेक्षा त्या दिवसांत कमी मजुरांचं काम ठेवा. मातीकाम जानेवारी ते मे. मार्चअखेर बिलासाठी कच्चं काम उरकण्याचा दबाव आला, तर झालं तेवढंच मोजून घ्या. मात्र अवकाळी किंवा सलग अतिवृष्टीने काम थांबलं, तर तो खरा बदल. थांबल्याच्या तारखेसह मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्याआधी द्या.

१५. पुराने बांध फुटायला आला. मंजुरीची वाट पाहत बसायचं काय?

नाही. माणसं, जनावरं, पीक वाचवायला जे लागेल ते करा. शक्य असेल तर आधीचा, चालू असतानाचा आणि नंतरचा फोटो घ्या, किती मजूर, किती तास मशीन, ते लिहून ठेवा. तहसील आणि पंचायत समितीला फोन करा आणि लगेच पत्र द्या. वाचवण्यापुरतं काम झालं की थांबा. त्याच ओघात कायमची भिंत बांधायला घेतली, तर तो प्रश्न ७ मधला नवीन कामाचा विषय होतो.

१६. आचारसंहिता लागली. काम वाढवता येईल काय?

प्रत्यक्ष सुरू असलेलं काम चालू राहू शकतं, नवीन काम सुरू करता येत नाही. मंजूर बाबीचं प्रमाण किरकोळ वाढणं आणि नवीन टोल्यापर्यंत लाइन नेणं यांत फरक आहे. शंका असेल तर गटविकास अधिकाऱ्यांकडून लेखी अभिप्राय घ्या.

१७. वाढीव काम करून झालं, आता बिल मंजूर होत नाही. मजूर दारात उभे आहेत.

मजुरांचे पैसे आधी द्या, बिलाचा वाद नंतर लढा. त्यांनी व्याप्ती ठरवली नव्हती.

मग संयुक्त मोजणीसाठी लेखी अर्ज करा. कोणी सांगितलं, कधी, हे सिद्ध करणारे मेसेज, फोटो, मुरमाच्या पावत्या, हजेरीपट जोडा. मागची तारीख टाकलेलं पत्र कधीही तयार करू नका, एका खोट्या कागदाने बाकीचे खरे कागदही संशयात जातात. आणि पुढच्या वेळी वाढीव कामाची हजेरी मूळ कामापासून वेगळी ठेवा, म्हणजे मोजताना ते वेगळं दाखवता येईल.

१८. काम कमी करायचं असेल तर? तेव्हाही नोंद लागते काय?

लागते, आणि ती बहुतेक जण विसरतात. जागा मिळाली नाही म्हणून २०० मीटर रस्ता गळाला, तर ज्यांच्या वाटचा तो होता त्यांना कारण कळलं पाहिजे. कमी झालेलं काम कागदावर पूर्ण दिसत राहिलं, तर त्या लोकांना पुढची पाच वर्षं 'तुमचा रस्ता झालेला आहे' हेच उत्तर मिळतं.

१९. सरपंच बदलले, इंजिनिअर साहेबांची बदली झाली. नवीन माणूस म्हणतो, "मला काही माहीत नाही."

त्याचं म्हणणं खरंही असतं. बदलीचा आदेश कळला की निघणाऱ्या अधिकाऱ्यांसोबत एकदा जागेवर जा. व्याप्तीचं पान, बदलाची वही (प्रश्न ५), झालेली मोजणी, शिल्लक काम आणि तोंडी दिलेली आश्वासनं, हे सगळं एका यादीत घेऊन त्यावर त्यांची सही घ्या. तोंडी आश्वासनं वेगळी लिहा, कारण नवीन माणसावर ती बंधनकारक नसतात. त्याला ती पुन्हा तपासू द्या. नवीन अधिकारी रुजू झाले की पहिल्या आठवड्यात तीच यादी घेऊन त्यांनाही जागेवर न्या, आणि ज्यांना काही शब्द दिला गेला होता त्या कास्तकारांना, त्या पोडावरच्या बायांना सोबत बोलवा.